नावाजलेलं सॉफ्टवेअर, पण आपल्या कामाला चालेल का?

संशोधनासाठी सॉफ्टवेअर कसं शोधावं आणि कसं पारखावं, यावर वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी आठ प्रश्न इथे घेतले आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : शिक्षणशास्त्रात पीएच.डी.साठी नुकतीच नोंदणी झाली आहे. ‘संशोधकांसाठी टॉप टेन टूल्स’ अशा याद्या वाचून गोंधळ वाढतोय. प्रत्येक यादीत नावं वेगळी. सुरुवात कुठून करू?
– संशोधक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : त्या याद्या आधी बाजूला ठेवा. बऱ्याचशा याद्या सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनीच लिहिलेल्या असतात, किंवा वाचकाने दुव्यावरून खरेदी केली की लिहिणाऱ्याला दलाली मिळते. त्यापेक्षा तुमच्या विषयातले गेल्या तीन-चार वर्षांतले पंधरा-वीस चांगले लेख काढा आणि त्यातला फक्त संशोधनपद्धतीचा भाग वाचा. कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, कोणत्या कामाला, हे तिथे एका ओळीत असतं. शोधगंगेवर तुमच्या विषयातले प्रबंधही असेच चाळा. जे नाव चार ठिकाणी सापडेल त्याची माहिती देणारा माणूस तुम्हाला आपल्याच विद्यापीठात भेटण्याची शक्यता जास्त, आणि अडलं की सॉफ्टवेअरपेक्षा असा माणूस कामाला येतो.

सूचीच हवी असेल तर ग्रंथपाल किंवा संशोधक चालवतात ती बघा. मानव्यविद्यांसाठी कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाची ‘टॅपोर’ आहे. पूर्वी ‘डर्ट’ नावाची मोठी सूची होती, ती याच सूचीत विलीन झाली. युरोपची ‘एसएसएच ओपन मार्केटप्लेस’ सामाजिकशास्त्रांना उपयोगी, जीवशास्त्रवाल्यांना ‘बायो डॉट टूल्स’. ‘आर’ ही सांख्यिकीची संगणकभाषा वापरणाऱ्यांसाठी क्रॅन या तिच्या पॅकेज-साठ्यावर विषयवार ‘टास्क व्ह्यूज’ असतात, त्यांच्या जोडीचं मार्गदर्शन दुसरीकडे क्वचितच मिळेल.

नाव सापडलं की एक तासभर त्याची झडती घ्या. शेवटची आवृत्ती कधी आली? वापरणाऱ्यांच्या तक्रारींना शेवटचं उत्तर कधी मिळालं? दोन वर्षं सामसूम असेल तर पुढची चार वर्षं त्याच्या भरवशावर काढू नका. ‘आरक्यूडीए’ हे गुणात्मक विश्लेषणाचं फुकट सॉफ्टवेअर ज्या पॅकेजवर उभं होतं तेच बंद पडलं आणि २०२० मध्ये ते क्रॅनवरून निघालं. त्याचे शिकवणीचे व्हिडिओ मात्र अजून सापडतात आणि नवखे त्यात अडकतात. पाठीशी मोठी कंपनी असली म्हणजे धोका टळला असंही नाही. मायक्रोसॉफ्ट अकॅडेमिक ही शोधसेवा २०२१ च्या अखेरीस बंद झालीच.

मग सगळ्यात महत्त्वाची चाचणी. तुमच्या कामातल्या दहा वस्तू (संदर्भ, मुलाखतीची पानं, जे काही असेल ते) आत घाला, थोडं काम करा, सगळं बाहेर काढा आणि दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. काय गळलं ते लिहून ठेवा. यात मराठी मजकूर असलाच पाहिजे. इंग्रजी नमुन्यावर सगळंच छान चालतं.

प्रश्न : मार्गदर्शक सर मेंडेली वापरा म्हणतात, मैत्रीण झोटेरो म्हणते. झोटेरो घेतलं, तर दोन महिन्यांत ‘जागा संपली’ असा निरोप आला. शिवाय मराठी संदर्भांत ‘एट अल.’ उमटतं. काय करावं?
– मराठी विभाग, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर. आमचा कौल झोटेरोला. कारण पैशाचं नाही, दोन्ही फुकटच मिळतात. मेंडेली २०१३ मध्ये एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीने विकत घेतलं. २०१८ मध्ये त्याच्या संगणकावरच्या डेटाबेसला कुलूप लागलं, त्यामुळे दुसऱ्या सॉफ्टवेअरला तो थेट वाचता येईना. २०२१ मध्ये मोबाइल ॲप गेलं, आणि सप्टेंबर २०२२ पासून जुनं डेस्कटॉप सॉफ्टवेअर नव्याने उतरवून घेता येत नाही. झोटेरोचा कोड खुला आहे आणि तुमचा सगळा डेटा एका साध्या फोल्डरमध्ये असतो. सर मेंडेलीवर असले तरी अडत नाही. आरआयएस किंवा बिबटेक ही संदर्भांची फाइल दोन्हींकडे जाते-येते. मेंडेलीतून यायचं असेल तर झोटेरोत ‘इम्पोर्ट’मध्ये मेंडेलीचा पर्याय आहे, त्यातून फोल्डरही येतात. फक्त एखादं प्रकरण अर्ध्यावर असताना उडी मारू नका. ते जुन्या सॉफ्टवेअरमध्येच पुरं करा.

आता जागेचं. झोटेरोत फुकट मिळणारी ३०० एमबी जागा केवळ पीडीएफसारख्या जोडफाइलींसाठी आहे. संदर्भांच्या नोंदी, टिपणं, टॅग यांना मर्यादा नाही. म्हणून सेटिंग्जमध्ये ‘सिंक’ या भागात जाऊन जोडफाइली सिंक करण्याची खूण काढून टाका. नोंदी सिंक होत राहतील, पीडीएफ तुमच्या संगणकावर राहतील. दोन संगणकांवर पीडीएफ हव्याच असतील तर वेबडॅव्हची (फाइली दुसऱ्या सर्व्हरवर ठेवण्याची) सोय आहे, किंवा वर्षाला २० डॉलर भरून २ जीबी मिळते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा : झोटेरोचं डेटा फोल्डर उचलून गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवणं. आतली ‘झोटेरो डॉट एसक्यूलाइट’ ही फाइल सॉफ्टवेअर चालू असताना सतत बदलत असते. ड्राइव्ह तिची अर्धवट प्रत वर चढवतं, दुसऱ्या संगणकावर तीच अर्धवट प्रत उतरते आणि अख्खा डेटाबेस बिघडतो. राखीव प्रत ठेवायची तर झोटेरो पूर्ण बंद करून फोल्डरची नक्कल पेनड्राइव्हवर घ्या. आठवड्याला एकदा पुरे.

‘एट अल.’चा उपाय शैलीच्या फाइलीत आहे. झोटेरोची प्रत्येक संदर्भशैली म्हणजे सीएसएल नावाची एक साधी मजकूर-फाइल असते. तुमची शैली नोटपॅडसारख्या एडिटरमध्ये उघडा. सुरुवातीचं शीर्षक आणि ओळख-क्रमांक दोन्ही बदला, नाहीतर पुढच्या अद्ययावतीकरणात तुमचे बदल पुसले जातील. मग ‘लोकेल’ विभागात संज्ञा द्यायच्या : ‘एट अल.’च्या जागी ‘व इतर’, ‘अँड’च्या जागी ‘आणि’, संपादकासाठी ‘संपा.’, पानासाठी ‘पृ.’. हा विभाग नसेल तर नवा घाला. फाइल युटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीतच जतन करा आणि सेटिंग्जमधल्या ‘साइट’ भागातून बसवा.

याने सगळं सुटत नाही, ते आधीच सांगतो. एका दस्तऐवजाला एकच भाषा लागू होते, म्हणून इंग्रजी संदर्भांतही ‘व इतर’ येईल. मराठी आणि इंग्रजी अशा दोन स्वतंत्र सूच्याही झोटेरो करून देत नाही. पण लिपी वेगळी असल्यामुळे क्रमवारीत सगळे देवनागरी संदर्भ एकत्रच येतात. तेव्हा प्रबंध पूर्ण झाला की त्याची प्रत काढा, त्या प्रतीत ‘अनलिंक सायटेशन्स’ करा, सूचीचे दोन तुकडे करा आणि इंग्रजी तुकड्यातले ‘व इतर’ एका झटक्यात बदला. मूळ फाइल तशीच जिवंत ठेवा. त्याआधी वर्डमध्ये हाताने दुरुस्त्या केल्यात तर पुढच्या ‘रिफ्रेश’ला त्या उडतील.

किरकोळ पण छळणाऱ्या दोन गोष्टी. आयएसबीएन टाकून मराठी पुस्तकाची नोंद ओढली की ती बहुधा रोमन लिपीत, डोक्यावर रेघा असलेल्या अक्षरांत येते, कारण परदेशी ग्रंथालयांच्या नोंदी तशाच असतात. ती देवनागरीत आपणच लिहायची. आणि सालाचा रकाना इंग्रजी आकड्यांत भरा. देवनागरी आकडे झोटेरोला तारीख म्हणून कळत नाहीत आणि सालावरची क्रमवारी कोलमडते.

प्रश्न : कोबोटूलबॉक्सवर गावोगाव सर्वेक्षण केलं. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली तर मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं, आणि सगळे रकाने एकाच खान्यात. माहिती बिघडली का?
– समाजकार्य महाविद्यालय, अमरावती

उत्तर : माहिती धड आहे, फाइल चुकीच्या दाराने उघडली गेली. डबल-क्लिक केलं की एक्सेल युटीएफ-८ ओळखेलच असं नाही. शिवाय कोबोची सीएसव्ही स्वल्पविरामाऐवजी अर्धविरामाने विभागलेली असते, म्हणून रकाने एकात एक गेले. कोरी एक्सेल फाइल उघडा, ‘डेटा’ मेनूतून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, फाइलचा मूळ संकेत ‘६५००१ युनिकोड युटीएफ-८’ निवडा, विभाजक म्हणून अर्धविराम द्या. किंवा कोबोतूनच एक्सएलएस स्वरूपात उतरवून घ्या, प्रश्न मिटला. बिघडलेली फाइल एक्सेलमध्ये ‘सेव्ह’ मात्र करू नका, मग ती खरोखरच बिघडते.

एक्सेलच्या दुसऱ्या खोडीकडेही लक्ष ठेवा. ‘६-१०’ असा वयोगट इंग्रजी आकड्यांत असेल तर त्याची तारीख होते. १५ पेक्षा जास्त आकडी क्रमांकाचे शेवटचे आकडे शून्य होतात. तारखेच्या खोडीपायी २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने काही जनुकांची नावंच बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जुन्या एक्सेल स्वरूपाच्या ६५,५३६ ओळींच्या मर्यादेमुळे जवळपास १६,००० कोविड रुग्णांच्या नोंदी गळाल्या. असे रकाने आयात करतानाच ‘टेक्स्ट’ प्रकाराचे करा.

प्रश्न : मराठी वर्तमानपत्रांतल्या अग्रलेखांचा शब्दवारंवारतेने अभ्यास करतोय. पायथन या संगणकभाषेने शब्द मोजले तर यादीत ‘षण’, ‘मग’ असलं काहीतरी येतं. अँटकाँक या शब्दमोजणीच्या सॉफ्टवेअरमध्येही शब्द तुटतात. मराठीसाठी चांगलं सॉफ्टवेअर सुचवा.
– पत्रकारिता विभाग, पुणे

उत्तर : सॉफ्टवेअर चांगलंच आहे, मराठी कशी लिहिली जाते हे त्याला सांगायचं राहिलंय. युनिकोडमध्ये क, म, ण ही ‘अक्षरं’, तर काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही ‘चिन्हं’, म्हणजे ‘मार्क’, या वेगळ्या वर्गातली. शब्द म्हणजे सलग अक्षरं अशी व्याख्या केली की प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. ‘शिक्षण’चे ‘श’, ‘क’ आणि ‘षण’ असे तुकडे होतात. ‘कामगार’चे ‘क’, ‘मग’, ‘र’. पायथनचं मूळ ‘री’ मॉड्यूल असंच तोडतं. सायकिट-लर्न या पायथनच्या पॅकेजचा ठरीव नमुना तर वर एकाक्षरी तुकडे फेकूनही देतो, म्हणून तुमच्या यादीत नेमके ‘षण’ आणि ‘मग’ उरले. ‘षण’ निदान डोळ्यांत खुपतो. ‘मग’ हा खरा मराठी शब्द असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि कामगारांवरच्या अग्रलेखांत ‘मग’ फार येतो असा निष्कर्ष निघू शकतो.

अँटकाँकमध्ये कॉर्पस (मजकुरांचा संच) बनवतानाच टोकनची, म्हणजे एक शब्द कशाला धरायचं याची, व्याख्या ठरवता येते. तिथे ‘लेटर’सोबत ‘मार्क’ही निवडा. पायथनमध्ये ‘री’ऐवजी ‘रेजेक्स’ हे वेगळं मॉड्यूल घ्या. नाहीतर सरळ मोकळ्या जागेवर शब्द तोडा आणि कडेची विरामचिन्हं, अवतरणं खरवडून काढा. अग्रलेखांना एवढं पुरतं.

यापुढचा अडथळा डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवला जातो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, युनिकोड क्रमांक ०९३१. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तेच : एक स्वतंत्र अक्षर, क्रमांक ०९७२, आणि दुसरा ‘अ’वर चंद्र देऊन केलेला. कोणत्या कळफलकावर टाइप केलं त्यावर हे ठरतं, त्यामुळे एक वर्तमानपत्र एका पद्धतीचं, दुसरं दुसऱ्या. तुलना करायला गेलात की फरक भाषेचा नसून कळफलकाचा निघतो. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एनएफसी, या दोन्ही जोड्या एक करत नाही. त्या आपणच शोधून-बदलून एका रूपात आणायच्या. आणि हे मोजणीच्या आधी करायचं, कारण ते अदृश्य चिन्ह ‘लेटर’ही नाही आणि ‘मार्क’ही नाही, अँटकाँकमध्ये ‘मार्क’ निवडूनही शब्द तिथे तुटतो.

तपासणीसाठी वीस शब्दांची एक छोटी फाइल बनवा : दुसऱ्या (दोन्ही प्रकारे), ऱ्हास, ॲप, शिक्षण, कामगार, दुःख, विठ्ठल, पाऊस असे. कोणतंही नवं सॉफ्टवेअर आलं की आधी ही फाइल त्याला द्या आणि वीसच्या वीस शब्द अखंड परत येतात का ते पाहा. पाच मिनिटांत निकाल लागतो.

विभक्तिप्रत्ययांचा प्रश्न राहतोच. शाळा, शाळेत, शाळांमधून, शाळेच्या ही एकाच शब्दाची रूपं. ‘शाळ’पुढे तारा (*, म्हणजे पुढे काहीही) लावून शोधलं की ‘शाळकरी’ आणि ‘शाळिग्राम’ही येतात. पाच-दहा कळीच्या शब्दांचाच अभ्यास असेल तर रूपांची यादी हाताने करणं सगळ्यात विश्वासाचं. मूळ शब्द काढून देणारी यंत्रणा हवी असेल तर ‘स्टँझा’त मराठी आहे, पण ती ज्या वाक्यांवर शिकली तो संच अगदी छोटा आहे आणि वर्तमानपत्री भाषेचा नाही. पुण्याच्या एल३क्यूब गटाने मराठीसाठी महाबर्ट, महानेर यांसारखी प्रारूपं आणि माहितीसंच खुले केले आहेत. व्यक्ती, स्थळं, संस्था यांची नावं टिपायची असतील तर तिथून सुरुवात करा. शंभर वाक्यं स्वतः तपासल्याशिवाय मात्र कोणताही आकडा प्रबंधात घालू नका.

तुमचा मजकूर ई-पेपरच्या पीडीएफमधून घेत असाल तर एक वाक्य कॉपी करून पाहा. इंग्रजी अक्षरांची खिचडी आली तर आत जुना, युनिकोडपूर्व फॉन्ट आहे. तो उलगडत बसण्यापेक्षा पानाचं ३०० डीपीआयचं चित्र करून टेसरॅक्ट या चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मराठी प्रारूपाने वाचून घेणं सोपं पडतं. आधी एकेक स्तंभ कापून घ्या. अख्खं पान दिलं तर एका स्तंभाची ओळ शेजारच्या स्तंभात घुसते.

प्रश्न : चाळीस मुलाखती मराठीत घेतल्या आहेत. एनव्हिवो हे गुणात्मक विश्लेषणाचं सॉफ्टवेअर परवडत नाही. फुकटात काय मिळेल? मुलाखती आपोआप टाइप होतील का?
– समाजशास्त्राचा संशोधक, सोलापूर

उत्तर : मुलाखती मजकूर-स्वरूपात असतील तर टॅगेट. वर्ड, पीडीएफ, साधा मजकूर काहीही घेतं, ओळ रंगवायची आणि संकेत (म्हणजे विषयाची खूणचिठ्ठी) द्यायचा, इतकंच त्याचं काम. अर्ध्या दिवसात हात बसतो. त्याची ऑनलाइन सोयही आहे, पण मुलाखतींत नावं, गावं, जाती असतील तर ती वापरू नका. सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर बसवा. ध्वनिफितीवर किंवा छायाचित्रांवरच संकेत द्यायचे असतील तर क्वालकोडर घ्या. ते थोडं रांगडं आहे, पण ताकदीचं. दोन्ही सॉफ्टवेअर ‘रेफी-क्यूडीए’ या सामाईक स्वरूपात माहिती बाहेर देतात, त्यामुळे उद्या विद्यापीठाने एनव्हिवो किंवा मॅक्सक्यूडीए घेतलं तर तिकडे जाता येतं. निर्यातीत संकेतसूची जाते की रंगवलेले भागही जातात, हे दोन मुलाखतींवर आधीच बघून घ्या. विद्यार्थी-सवलतीत एनव्हिवो घेणाऱ्यांनाही सांगणं एवढंच की परवान्याची मुदत संपायच्या आत सगळं बाहेर काढून ठेवा. तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात फाइल उघडेनाशी झाली तर हाताशी काहीच राहत नाही.

आपोआप टाइप होण्याबाबत : ओपनएआयचं ‘व्हिस्पर’ फुकट आहे, इंटरनेटशिवाय आपल्या संगणकावर चालतं आणि मराठी ओळखतं. पण इंग्रजीइतकं नीट ओळखत नाही, बोली आली की अडखळतं. शांततेच्या जागी न बोललेली वाक्यं घालण्याची त्याची खोड सर्वश्रुत आहे, आणि मुलाखतींत शांतता असतेच. आयआयटी मद्रासच्या एआय४भारत गटाची भारतीय भाषांसाठीची प्रारूपंही ताडून पाहा. चाचणीला सगळ्यात स्वच्छ ध्वनिफीत घेऊ नका. जिच्यात पंखा गरगरतोय, मागे पोरं ओरडतायत आणि आजीबाई बोलतायत अशी पाच मिनिटं घ्या. ती दुरुस्त करायला हाताने टाइप करण्याइतकाच वेळ लागला तर सरळ टाइप करणारा माणूस शोधा.

प्रश्न : माझा मराठी प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. साम्य-तपासणीत (म्हणजे वाङ्मयचौर्याच्या तपासणीत) शून्य टक्के आलं! खूश व्हावं का?
– संशोधक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अजिबात नाही. जुन्या फॉन्टांत पडद्यावर दिसतं मराठी, फाइलीत असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. तपासणी सॉफ्टवेअरने तीच खिचडी वाचली आणि जगात कुठेच तसली खिचडी सापडली नाही, म्हणून शून्य. मार्गदर्शकाने अहवालातला मजकूर उघडून पाहिला तर ते लगेच कळेल, आणि संशय तुमच्यावर येईल. प्रबंध युनिकोडमध्ये आणा, मग रफार, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, कारण रूपांतरात तीच फुटतात. त्यानंतर पुन्हा तपासणीला द्या.

टक्केवारीबद्दलही थोडं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरतात आणि त्याला दंड नाही. १० ते ४० असेल तर जास्तीत जास्त ६ महिन्यांत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या पुढे नोंदणी रद्द. योग्य संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, ग्रंथसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे साम्यात मोजायचे नसतात. सर्वसामान्य माहितीचे सलग १४ शब्दांपर्यंतचे जुळणारे तुकडेही नाहीत. सॉफ्टवेअरला हे आपोआप कळत नाही. गाळण्या तपासणी करणाऱ्याने लावायच्या असतात, आणि संतसाहित्यावरच्या प्रबंधात त्या लावल्या नाहीत तर अभंगांमुळेच आकडा फुगतो. अहवालाच्या पहिल्या पानावर कोणत्या गाळण्या चालू होत्या ते बघा, मगच आकड्याकडे वळा.

प्रश्न : एआय शोधसाधनं खूप वेळ वाचवतात असं ऐकून वापरली. एका चॅटबॉटने दिलेल्या संदर्भांपैकी दोन कुठेच सापडेनात. विश्वास ठेवायचा की नाही?
– ग्रंथपाल, रत्नागिरी

उत्तर : ‘एआय साधन’ म्हणून दोन वेगळ्या जाती एकाच दावणीला बांधल्या जातात. नुसता चॅटबॉट शब्दामागे शब्द जुळवतो. त्याच्या संदर्भात लेखक खरा, नियतकालिक खरं, पण त्या अंकात तसा लेखच नाही, असा प्रकार होतो. दुसरी जात सिमँटिक स्कॉलर, एलिसिट, कन्सेन्सस यांची. ही खऱ्या लेखांच्या साठ्यात शोधतात, त्यामुळे लेख बहुधा अस्तित्वात असतो. तो तेच म्हणतो का, हा वेगळा प्रश्न. पुष्कळदा त्यांना लेखाचा फक्त सारांश मिळालेला असतो, आणि सारांशात मर्यादा लिहिण्याची कुणाला हौस नसते.

दोन तपासण्या करा. संदर्भाचा डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) ‘डीओआय डॉट ऑर्ग’वर टाका आणि उघडलेलं शीर्षक अक्षरशः ताडून पाहा, नुसता दुवा उघडतो एवढ्यावर समाधान मानू नका, कारण दुसऱ्याच लेखाचा डीओआय चिकटवलेलाही सापडतो. दुसरी तपासणी साधनाचीच. तुम्हाला नीट माहीत असलेल्या विषयातले वीस अटळ लेख आधी कागदावर लिहा, मग साधनाला प्रश्न विचारा आणि वीसपैकी किती सापडले ते मोजा. हाच प्रश्न गूगल स्कॉलर आणि ओपनॲलेक्सलाही विचारा. ओपनॲलेक्स फुकट आणि खुलं आहे. मायक्रोसॉफ्ट अकॅडेमिक बंद पडल्यावर जानेवारी २०२२ मध्ये ते सुरू झालं. मागे घेतलेल्या लेखांची ‘रिट्रॅक्शन वॉच’ची नोंद झोटेरोला जोडलेली आहे, म्हणून संदर्भ तिथे टाकला की मागे घेतलेल्या लेखावर लाल पट्टी दिसते.

मराठी नियतकालिकांच्या बाबतीत या सगळ्यांची झोळी जवळपास रिकामी आहे. बहुतेकांना डीओआय नाही, जुने अंक एक तर छापील नाहीतर चित्ररूप पीडीएफ. ‘या विषयावर मराठीत काम झालेलं नाही’ असं एआयच्या भरवशावर लिहिणारे प्रबंध येऊ लागले आहेत. तुमच्या वाचकांना सूचीखंडांच्या कपाटाकडे पाठवत राहा.

प्रश्न : आमच्याकडे सगळे एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ प्रत वापरतात. चालेल ना?
– एम.फिल. झालेले प्राध्यापक, जळगाव

उत्तर : चालणार नाही. परवान्याचा प्रश्न आहेच, पण क्रॅकसोबत व्हायरस येतो, आणि पद्धतीच्या प्रकरणात आवृत्ती काय लिहिणार? गरजही नाही. जमोवी फुकट आहे, एसपीएसएसची ‘सॅव्ह’ फाइल थेट उघडतं. टी-टेस्ट, अनोव्हा, रिग्रेशन, घटक-विश्लेषण सगळं त्यात होतं. ज्यांच्याकडे एसपीएसएसच्या जुन्या आज्ञावल्या साठवलेल्या आहेत त्यांनी जीएनयूचं पीएसपीपी घ्यावं, त्यातल्या पुष्कळशा त्यात तशाच चालतात. बदलण्यापूर्वी जुन्या अभ्यासातलं एक विश्लेषण दोन्हींत करून आकडे ताडा. दशांशात फरक आला तर घाबरू नका. आधी गाळलेल्या उत्तरांची हाताळणी दोन्हीकडे सारखी आहे का ते बघा, मग अनोव्हात वर्गबेरजेचा (सम ऑफ स्क्वेअर्सचा) कोणता प्रकार धरलाय ते. बहुतेक वेळा फरक याच दोन ठिकाणी सापडतो.